कोठीघराची किल्ली

धातूंच्या राज्यांत सोन्याला जो मान मिळाला तो लोखंडाच्या वांट्यास कधींच आला नाहीं. सोनें अंगावर मिरवावयाचें, चांदी देवापुढें ठेवावयाची, तांबें-पितळ घांसूनपुसून मांडणीवर लावावयाचें, आणि लोखंडानें मात्र चुलीपाशीं, गोठ्यांत आणि विहिरीच्या रहाटावर राबावयाचें, अशी कामाची वांटणी आमच्याकडे फार जुनी आहे. शनिवारीं लोखंड विकत आणूं नये ही समजूत अजूनहि पुष्कळ घरांत पाळली जाते. परिसाची गोष्ट सांगतांना देखील, लोखंडाचें भाग्य तें लोखंड राहिलें नाहीं ह्यांतच आहे, असें आपण गृहीत धरून चालतों. मानापानांत असा मागें राहिलेला हा धातु आपणां प्रत्येकाच्या देहांत तीन-चार ग्रॅम, म्हणजे दोन-तीन लहान खिळे व्हावेत इतका असतो, आणि त्यावांचून आपला एक श्वासहि सत्कारणीं लागत नाहीं, हें कळल्यापासून घरांतल्या तव्याकडे पाहण्याची आमची दृष्टि थोडी बदलली आहे.

रक्तांत लोखंड आहे ही गोष्ट कांहीं आजची नव्हे. अठराव्या शतकांत इटलींतील बोलोन्या शहरीं मेंघिनी नांवाच्या वैद्यानें रक्त जाळून त्याची राख केली व तिच्यावर लोहचुंबक धरला, तों राखेंतले कण उडून चुंबकास चिकटले. आमच्या वैद्यांनीं तर पांडुरोगावर नवायस लोह आणि मंडूर ह्यांची योजना त्याच्याहि कित्येक शतकें आधीं केलेली होती. आणि इंग्लंडांत सतराव्या शतकांत सिडनहॅम हा फिकुटलेल्या तरुण मुलींस लोखंडाचा कीस मद्यांत मुरवून देत असे. कारण ठाऊक नसतां उपाय हातीं लागावा, असे प्रकार वैद्यकाच्या इतिहासांत थोडे नाहींत. त्यावरून एक समज मात्र लोकांत पक्का होऊन बसला, आणि तो आजतागायत हललेला नाहीं: माणूस फिकट दिसला कीं त्याला लोखंड कमी पडलें, आणि लोखंड कमी पडलें कीं तें वरून घालावें. पुष्कळांच्या बाबतींत हा समज खराहि ठरतो. आमच्या घरांत तो खोटा ठरला, आणि तेथून ह्या विषयाशीं आमचा परिचय सुरू झाला.

आमच्या थोरल्या वहिनींना आमवात जडून बारा वर्षें झालीं. बोटांचीं पेरें सुजलेलीं; सकाळीं उठल्यावर मूठ मिटावयास तासभर लागावयाचा; तरी संसारांतलें कोणतेंहि काम त्यांनीं दुसऱ्यावर टाकलें नाहीं. गेल्या तीन वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, जिना चढतांना मध्येंच थांबावें लागूं लागलें, आणि रक्त तपासलें तेव्हां हिमोग्लोबिन ८.८ भरलें, तें बारा तरी असावयास पाहिजे. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांच्या जोडीला नातेवाइकांचे सल्ले आले. कोणी खजूर सांगितला, कोणी अळिवाचे लाडू, कोणी बीट, कोणी काळ्या मनुका. वहिनींनीं सर्वांचें सर्व ऐकलें. सहा महिन्यांनीं पुन्हा रक्त तपासलें, तों आंकडा ८.९. मग एका नव्या डॉक्टरांनीं निराळी तपासणी करावयास सांगितली. तिच्या कागदावर ‘फेरिटिन’ ह्या शब्दापुढें ४१० असा आंकडा होता, आणि स्त्रियांकरितां शेजारीं छापलेली वरची मर्यादा त्याच्या निम्म्याहूनहि कमी होती. फेरिटिन म्हणजे शरीरांत सांठविलेल्या लोखंडाचें माप, एवढें डॉक्टरांनीं सांगितलें. आमचे बंधु हे बँकेंत हिशेब पाहण्यांत जन्म घालविलेले गृहस्थ. ते म्हणाले, “खात्यावर एवढी शिल्लक आणि घरांत दाणा नाहीं, म्हणजे मधल्या मध्यें कोणीतरी अफरातफर केली आहे.” वहिनी हंसल्या, पण थोड्या वेळानें त्यांनीं आम्हांस विचारलें, “भाऊजी, मग मीं खाल्लेलें सगळें जातें तरी कुठें?”

ह्या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागल्यावर पहिल्यानें जें कळलें तें असें कीं, लोखंड ही वस्तु देहाला जितकी हवी आहे तितकीच तिची त्याला धास्तीहि आहे. लोखंडाच्या अणूला एक विद्युत्कण देऊन टाकणें किंवा परत घेणें फार सोपें जातें. ह्याच गुणामुळें तो पेशींत अन्न जाळण्याच्या कामीं येतो, आणि वंशसूत्रांचे धागे घडविण्याच्या कामींहि येतो. परंतु हाच गुण मोकाट सुटला म्हणजे काय होतें, तें १८९४ सालीं केंब्रिज येथील फेंटन ह्या रसायनशास्त्रज्ञानें दाखविलें. चिंचेंत जें आम्ल असतें त्या टार्टारिक आम्लांत त्यानें हायड्रोजन पेरॉक्साइड घातलें, आणि त्यांत लोखंडाच्या क्षाराचा केवळ अंश टाकला; तेवढ्यानें आम्लाची मोडतोड झपाट्यानें सुरू झाली. हें हायड्रोजन पेरॉक्साइड आपल्या प्रत्येक पेशींत थोडेंथोडें सारखें निर्माण होत असतें. त्याची आणि मोकळ्या लोखंडाची गांठ पडली कीं जो अतिशय उग्र रेणु जन्मास येतो, तो शेजारीं जें सांपडेल त्यास डंख करितो. मग तें पेशीचें आवरण असो, प्रथिन असो, कीं वंशसूत्राचा धागा असो. अशा रीतीनें लोखंडाच्या पायीं पेशीला जें मरण येतें, त्याला २०१२ सालीं शास्त्रज्ञांनीं ‘फेरॉप्टोसिस’ असें स्वतंत्र नांवहि दिलें आहे.

दुसरी अडचण निराळी. सुमारें दोनशें चाळीस कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या हवेंत प्राणवायु सांचूं लागला, त्याआधीं समुद्रांत लोखंड विरघळलेलें होतें व जीवांस तें सहज मिळत असे. प्राणवायु आला आणि त्याचा गंज झाला. गंज पाण्यांत जवळजवळ विरघळतच नाहीं. तेव्हां मोकळें सोडावें तर आग, आणि आग विझवावी तर दगड, अशी ही वस्तु आहे. काडेपेटी जपून वापरण्याच्या काळीं खेड्यांतल्या बायका रात्रीं चुलींतला निखारा राखेखालीं पुरून ठेवीत आणि सकाळीं फुंकर घालून तोच जागा करीत. पेशीनेंहि हाच मार्ग काढला आहे.

ती राख म्हणजे फेरिटिन. १९३७ सालीं चेकोस्लोव्हाकियांतील लाउफबर्गर ह्यांनीं घोड्याच्या प्लीहेंतून हें प्रथिन वेगळें काढलें आणि त्याचे स्फटिक करून दाखविले. चोवीस तुकडे एकमेकांस जुळवून केलेला हा एक पोकळ गोळा आहे. त्याचा व्यास बारा नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेवर असे सुमारें ऐंशी हजार गोळे शेजारीं शेजारीं बसतील. आंतली पोकळी आठ नॅनोमीटरची. गोळ्याच्या भिंतींत बारीक वाटा आहेत. त्यांतून लोखंडाचा विरघळणारा अणु आंत शिरतो, भिंतीच्या आंतल्या अंगास त्याचा एक विद्युत्कण काढून घेतला जातो, आणि तो गंज होऊन पोकळींत थरावर थर बसत जातो. एका गोळ्यांत असे साडेचार हजारांपर्यंत अणु मावतात. आपण ज्या गंजाला घासून काढण्यासाठीं राखुंडी आणि चिंच खर्ची घालतों, तोच गंज येथें देहाची ठेव होऊन बसतो! आणि ती रचना आपल्यापुरतीच नाहीं. वनस्पती, किडे, जंतु, सर्वांच्या पेशींत थोड्याफार फरकानें हेच गोळे सांपडतात. इतक्या निरनिराळ्या जीवांनीं एकच नमुना इतका काळ संभाळून ठेवावा, ह्यावरून मूळची अडचण केवढी असेल ह्याची कल्पना यावी.

लोखंड आंत कसें जातें हें पुष्कळ वर्षें माहीत होतें. बाहेर कसें येतें ह्याविषयीं मात्र तर्कच चालत. २०१४ सालीं त्याचा उलगडा झाला. पेशीला लोखंडाची निकड लागली कीं एक विशिष्ट प्रथिन फेरिटिनच्या गोळ्याला धरून पेशींतल्या पचनाच्या पिशवीकडे घेऊन जातें, आणि तेथें तो सबंध गोळाच मोडून लोखंड मोकळें करण्यांत येतें. कणगींतलें धान्य काढावयाचें म्हणून कणगीच फोडावयाची, असा हा व्यवहार. आमच्या बंधूंना तो अगदींच उधळेपणाचा वाटला. परंतु कुलूप लावून पुन्हा पुन्हा उघडीत बसण्यापेक्षां, नवी कणगी विणणें जेथें स्वस्त आहे तेथें जुनी मोडण्यांत तोटा नसावा.

पण ह्या साऱ्या कारभारांत आम्हांस खरें नवल वाटलें तें पुढल्या गोष्टीचें. पेशीला कळतें कसें, कीं आतां कणग्या वाढवावयाच्या कीं थांबावयाचें? तेथें कोणी कारभारी बसलेला नाहीं. पेशींत कोणतेंहि प्रथिन घडावयाचें तें केंद्रकांतल्या मूळ दप्तरांतून निघालेल्या हुकुमाच्या नकलेवरून घडतें. फेरिटिनच्या ह्या नकलेच्या आरंभींच धाग्याला एक लहानसा पीळ पडलेला असतो, असें १९८७ सालीं अमेरिकेंत आढळून आलें. बाहेरचें लोखंड पेशींत घेणारें जें दार आहे, त्याच्या नकलेच्या शेवटीं असेच पांच पीळ असतात. ह्या पिळांवर येऊन बसणारें एक प्रथिन आहे. तें आरंभींच्या पिळावर बसलें कीं नक्कल वाचणाऱ्यांस वाटच मिळत नाहीं, आणि फेरिटिन घडणें थांबतें. तेंच शेवटच्या पिळांवर बसलें कीं तेथून नक्कल कुरतडणाऱ्यांस अटकाव होतो, नक्कल टिकते, आणि लोखंड घेणारीं दारें वाढतात. म्हणजे बसण्याची क्रिया एकच, पण एका ठिकाणीं तिनें काम बंद पडतें आणि दुसऱ्या ठिकाणीं जोरांत चालतें. आणि लोखंडाची टंचाई असतांना नेमक्या ह्याच दोन गोष्टी व्हावयास पाहिजेत.

आतां हें प्रथिन केव्हां बसावयाचें तें कसें ठरवितें? ह्याचें उत्तर पुढल्या पांच-सहा वर्षांत मिळालें, आणि तें वाचून आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलों. पेशींत लोखंड भरपूर असलें कीं ह्या प्रथिनाच्या पोटांत लोखंडाचे चार आणि गंधकाचे चार अणु मिळून एक घट्ट जुडगा बसतो. तो बसला कीं हें प्रथिन पहारेकरी राहतच नाहीं; तें लिंबांतल्या सायट्रिक आम्लाचें रूपांतर करण्याच्या एका अगदीं निराळ्या कामांत गढून जातें. लोखंड आटलें म्हणजे तो जुडगा विसकटतो, हात मोकळे होतात, आणि मग तें पिळांवर जाऊन बसतें. त्याचा एक भाऊबंद आहे, त्याची तऱ्हा ह्याहून सरळ: लोखंड मुबलक झालें कीं त्याला मोडूनच टाकण्यांत येतें. कोठींत दाणा किती आहे हें पाहावयास कोणी पाठवावें लागत नाहीं. दाणा असला कीं पहारेकरी जेवून दुसऱ्या कामास लागतो, आणि नसला कीं उपाशीं पोटीं दारांत येऊन बसतो. सरकारी दप्तरांत इतकी सोपी पद्धत आम्ही पाहिलेली नाहीं.

हें झालें एका पेशीचें. सबंध देहाचा संसार ह्याहून मोठा आणि त्याचा जमाखर्च विलक्षण काटकसरीचा आहे. रोज अन्नांतून आपण आंत घेतों तें लोखंड एक-दोन मिलिग्रॅम; आणि अस्थिमज्जेला नवें रक्त करावयास रोज लागतें तें वीस-पंचवीस मिलिग्रॅम. मधली तूट भरून निघते ती जुन्याच्या पुनर्वापरानें. तांबडी रक्तपेशी सुमारें १२० दिवस जगते. मग प्लीहेंतल्या व यकृतांतल्या भक्षक पेशी तिला गिळतात, तिच्यांतलें लोखंड सोडवून घेतात आणि रक्तांत परत देतात. रक्तांत तें मोकळें फिरत नाहीं. ट्रान्स्फेरिन नांवाचें प्रथिन एका वेळीं दोन अणु उचलून तें पोंचवीत असतें, आणि कोणत्याहि क्षणीं असें वाटेवर असलेलें लोखंड सगळें मिळून तीन मिलिग्रॅमच्या आसपासच असतें. बाहेर टाकण्याची मात्र देहांत कांहीं सोयच नाहीं. १९३७ सालीं इंग्लंडांत मॅकॅन्स आणि एल्सी विडोसन ह्यांनीं हें दाखविलें, कीं देहांतील लोखंडाचें प्रमाण राखलें जातें तें आंत घेण्याच्या वाटेवर, बाहेर टाकण्याच्या नव्हे. त्वचेच्या व आंतड्यांच्या झडणाऱ्या पेशींबरोबर जें जातें तेवढेंच जातें. आणि स्त्रियांचें रक्तावाटे जातें तें वेगळें.

ज्या घरांतून कचरा बाहेर टाकतां येत नाहीं, त्या घरांत आंत काय आणावयाचें ह्याची चौकशी कडक असावयाचीच. आमच्या आजीच्या वेळीं कोठीघराची किल्ली तिच्या कमरेला असे. आठवड्याचें धान्य ती स्वतः मोजून काढून द्यावयाची, आणि घरांत कोणाला देवी किंवा गोंवर झाला तर ती किल्ली रात्रीं उशाखालीं जात असे. बाहेरच्या कोणाला कशाला हात लावावयाचा नाहीं. देहांतल्या ह्या किल्लीचें नांव हेप्सिडिन. अवघ्या पंचवीस दुव्यांची ही सांखळी यकृतांत तयार होते. ती सांपडली २००० व २००१ सालीं, आणि तीहि जंतुनाशक द्रव्यें शोधणाऱ्यांस. तिच्या नांवांतला अर्धा भाग यकृताचा आणि अर्धा जंतु मारण्याचा आहे. ती लोखंडाच्या कारभाराची स्वामिनी असेल असें तिला शोधणाऱ्यांच्या मनांतहि नसावें. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें हेप्सिडिन न होणाऱ्या उंदरांच्या देहांत लोखंडाचे ढीग सांचलेले आढळले, तेव्हां डोळे उघडले. पेशींतून लोखंड रक्तांत सोडणारें दार एकच माहीत आहे, त्याला फेरोपोर्टिन म्हणतात. हेप्सिडिन जाऊन त्या दाराला चिकटतें, आणि मग पेशी तें दारच आंत ओढून घेऊन मोडून टाकते. हें कॅलिफोर्नियांतील नेमेथ आणि गान्झ ह्यांनीं २००४ सालीं दाखविलें. दार गेलें कीं आंतड्याच्या पेशींत शिरलेलें लोखंड तेथेंच अडकतें, आणि तीन-चार दिवसांनीं ती पेशी झडली कीं तिच्याबरोबर वाहून जातें. भक्षक पेशींनीं जुन्या रक्तांतून सोडविलेलें लोखंडहि त्यांच्या पोटांतच राहतें.

वहिनींच्या प्रश्नाचें उत्तर येथें होतें. हेप्सिडिन वाढावयास दोन कारणें असतात. एक, लोखंड खरोखरच पुरेसें झालें हें. दुसरें, देहांत कोठें तरी दाह पेटला हें. जंतु आंत शिरले तर त्यांनाहि वाढावयास लोखंड लागतें, आणि तें मिळविण्यासाठीं ते नाना खटपटी करितात. कित्येक तर लोखंडाला विलक्षण घट्ट पकडणारे बारीक रेणु बाहेर सोडून तें चोरून आणतात. म्हणून वेढा पडला कीं देह पहिल्यानें कोठार बंद करितो. ही युक्ति कोंबडीच्या अंड्यांतहि आहे. शेड आणि कॅरोलाइन ह्यांनीं १९४४ सालीं दाखविलें, कीं कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकांत कांहीं रोगजंतु वाढत नाहींत, पण त्यांत लोखंड घातलें कीं वाढूं लागतात. बलकांतलें एक प्रथिन लोखंडाला धरून ठेवितें, एवढेंच तेथलें रहस्य. पुढें दोन वर्षांनीं माणसाच्या रक्तांतलें तसलें प्रथिनहि त्यांनींच ओळखलें. आपला ट्रान्स्फेरिन तो हाच.

आमवातांत जंतु नसतो, पण दाहाची वर्दी तीच जाते. दाहाचा निरोप नेणारा इंटरल्यूकिन-६ नांवाचा एक रेणु आहे. तो निरोगी माणसांच्या रक्तांत सोडला असतां कांहीं तासांतच हेप्सिडिन चढतें आणि रक्तांतलें लोखंड उतरतें, असें प्रयोगानें सिद्ध झालें आहे. वहिनींच्या देहांत हा निरोप बारा वर्षें अखंड चालला होता. शत्रु कोठेंच नाहीं आणि वेढा उठत नाहीं! त्यांनीं खाल्लेल्या गोळ्यांपैकीं बहुतेक आंतड्याच्या उंबऱ्यावरूनच परत गेल्या, आणि आंत होतें तें कुलपाआड राहिलें. बंधूंच्या अफरातफरीच्या संशयाला आधार नव्हता. जो कांहीं प्रकार होता तो फाजील इमानदारीचा होता. शिवाय दाहामुळें फेरिटिनचा आंकडा स्वतःच फुगतो, म्हणून ४१० ही शिल्लक सगळी खरी मानण्याचेंहि कारण नव्हतें. जागतिक आरोग्य संघटनेनें ह्यासाठींच २०२० सालीं मापें निराळीं सांगितलीं: निरोगी प्रौढाला पंधराच्या खालीं फेरिटिन म्हणजे लोखंडाची तूट, पण अंगांत दाह असेल तर ही रेघ सत्तरावर धरावी. डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या बंद केल्या, सांध्यांचें औषध बदललें, आणि सात महिन्यांत, एकहि खजूर जास्त न खातां, हिमोग्लोबिन १०.९ वर आलें.

हें वाचून कोणी असें समजूं नये कीं फिकट चेहऱ्यामागें असाच गूढ न्याय असतो. आपल्याकडचा मोठा भाग साध्या, उघड्या तुटीचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रांत शेंकडा ५४. पुरुषांत हें प्रमाण शेंकडा २५. ह्या फरकांतला कांहीं भाग निसर्गाचा आहे, कारण दर महिन्याच्या रक्तावाटे जाणारें आणि गर्भाला द्यावें लागणारें लोखंड पुरुषाला द्यावें लागत नाहीं; एका गर्भारपणाचा खर्चच एकंदरींत एक ग्रॅमच्या घरांत जातो. पण सगळा भाग निसर्गाचा आहे असें म्हणणें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटतें. ज्या आजीच्या कमरेला किल्ली होती, ती स्वतः सर्वांच्या मागून, खरवडलेल्या पातेल्यांत जेवावयास बसे, आणि तिच्या पानावर भाजी क्वचितच येई. आजहि सुशिक्षित घरांत ताटें एकदम मांडलीं जातात खरीं, पण शेवटची पोळी कोणाची हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाहीं.

आमची एक भाची कॉलेजांत शिकते. वर्षभर ती थकलेली असे. वर्गांत झोंप येई, केस गळत. हिमोग्लोबिन १२.१ आलें, म्हणून सर्वांनीं ‘कांहीं झालेलें नाहीं’ असा निकाल दिला, आणि थकव्याला आळस हें नांव मिळालें. पुढें फेरिटिन पाहिलें तें ६ निघालें. कोठार झाडून पुसून रक्त कसेंबसें उभें राखलेलें होतें. रक्ताच्या एका थेंबावरून कोठाराचा अदमास घेण्याची ही तपासणी १९७२ सालीं वेल्समधील कार्डिफ येथें निघाली. त्याआधीं त्यासाठीं हाडांतली मज्जा काढून पाहावी लागत असे. पन्नास वर्षें ती हाताशीं असतां ह्या वयाच्या मुलींना आळशी म्हणण्याची आपली संवय अजून सुटत नाहीं, ह्याचा आम्हांस राग येतो, आणि तो लपविण्याचें कारण दिसत नाहीं. तिला गोळ्या सुरू झाल्या त्या एक दिवसाआड. झूरिक येथील संशोधकांनीं २०१५ नंतर असें दाखविलें आहे, कीं एक गोळी घेतली कीं हेप्सिडिन दिवसभर चढलेलें राहतें आणि दुसऱ्या दिवशींची गोळी बरीचशी वायां जाते. जेवणाबरोबरचा चहा मात्र तिला सोडावा लागला. चहांतलें कषाय द्रव्य धान्यांतलें व भाजींतलें लोखंड अर्ध्याहून अधिक अडवितें. लिंबू पिळलें तर उलट तें अधिक लागतें. पोह्यांवर लिंबू पिळावयाचें आणि मागून लगेच चहा प्यावयाचा, ह्या आमच्या न्याहारींत एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें काढून घेतलें जातें, हें आतां आम्हांस रोज सकाळीं दिसतें.

आणि किल्ली हरवली तर? आमच्या आळींत नऊ वर्षांचा एक मुलगा आहे, त्याला थॅलेसेमिया आहे. हा रोग आईबापांकडून येतो. सिंधी, कच्छी, लोहाणा अशा कांहीं समाजांत त्याचे वाहक अधिक असतात, पण इतरांस तो वर्ज्य नाहीं. त्याची मज्जा रक्त करावयास जिवापाड धडपडते आणि केलेलें रक्त टिकत नाहीं. अशी धडपडणारी मज्जा यकृताला निरोप धाडते, कीं हेप्सिडिन कमी कर, मला लोखंड पाहिजे. लोखंडाची तूट तेथें मुळींच नसते, तरी दारें सताड उघडतात. शिवाय त्याला दर तीन आठवड्यांनीं दुसऱ्याचें रक्त द्यावें लागतें, आणि एका बाटलीबरोबर दोनशें-अडीचशें मिलिग्रॅम लोखंड अंगांत येतें. अन्नांतून तेवढें यावयास महिनेच्या महिने लागले असते. बाहेर जावयाची वाट नाहीं. कणग्या भरून वाहूं लागतात, आणि मोकळें झालेलें लोखंड यकृतांत, हृदयांत, वाढीच्या ग्रंथींत जाऊन फेंटननें चिंचेच्या आम्लावर दाखविला तोच प्रकार करूं लागतें.

ह्यावर औषध निघालें तें एका चोराकडून. मातींत राहणारा स्ट्रेप्टोमायसीस जातीचा एक सूक्ष्मजीव लोखंड पकडून आणण्यासाठीं जो रेणु बाहेर सोडतो, तो स्विस शास्त्रज्ञांनीं १९६० च्या सुमारास वेगळा काढला, आणि त्यांतलें लोखंड काढून टाकून रिकामा रेणु माणसाच्या अंगांत सोडावयास सुरुवात केली. तो देहांतलें जास्तीचें लोखंड धरतो आणि मूत्रावाटे व पित्तावाटे घेऊन जातो. मागाहून पोटांत घ्यावयाचीं औषधेंहि आलीं. त्यांतलें पहिलें, डेफेरिप्रोन, गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत युरोप-अमेरिकेच्या आधीं भारतांत विक्रीस आलें. आणि २००५ पासून पाण्यांत विरघळवून घ्यावयाच्या गोळ्या मिळूं लागल्या. ह्या मुलाला गोळ्या सोसल्या नाहींत. म्हणून आठवड्यांतून पांच-सहा रात्रीं, झोंपण्यापूर्वीं, त्याची आई त्याच्या पोटाच्या कातडीखालीं एक बारीक सुई टोंचते आणि तिला जोडलेला तळहाताएवढा पंप चालू करून देते. तो आठ-दहा तास थेंब थेंब औषध सोडीत राहतो. सकाळीं त्याच्या लघवीला तांबूस रंग आलेला असतो. तो रंग लोखंडाचा. किती आला आहे हें ती रोज न चुकतां पाहते, आणि मग त्याला शाळेसाठीं उठविते.